कावळ्यासमोर दिलेला शब्द

आज सकाळी नदीवर मोठी माणसं कावळ्याला हाका का मारत होती, असं विचारलंत ना? तेव्हा तुम्हाला कुणी काही सांगितलं नाही. सगळे म्हणाले, लहान आहात, बाजूला व्हा. आता ऐका. पाय आत घ्या, पांघरूण ओढा, आणि मधे मधे बोलू नका.

एका गावात एक कावळा राहायचा. गावाला राजाही होता, पण गोष्ट सुरू करायची ती कावळ्यापासून, कारण त्या गावात ऐकलेलं लक्षात ठेवणारा तो एकटाच होता. राज्य अगदी एवढंसं. राजा वाड्यात शिंकला की शेवटच्या घरातलं तान्हं दचकून उठायचं.

त्या शेवटच्या घरात हैबती बुरूड राहायचा. बांबूच्या कामट्या काढायचा आणि सुपं, टोपल्या, पाळणे विणायचा. त्याच्या हातच्या पाळण्यात झोपलं नाही असं बाळ गावात नव्हतं. त्याची बायको चंद्रा. ती एकदा बांबूची मोळी घेऊन येताना उतारावरून गडगडली, आणि त्यात तिचे दोन्ही पाय गेले, डावा हात गेला. उजवा हात तेवढा राहिला. ती अंथरुणाला खिळली.

त्यांना दोन मुलं. थोरली सगुणा. थोरली म्हणजे किती थोरली? दुधाचे दात पडून नवे आलेले, एवढीच. धाकटा भिवा, त्याचे तर दात पडायचेच होते.

पडून राहिलेल्या माणसाची कूस बदलावी लागते, बरं का. या कुशीवरून त्या कुशीवर. नाहीतर पाठीला जखमा होतात. हैबती बायकोची कूस बदलायचा, तिला पेज भरवायचा, अंग पुसायचा, मग अंगणात बसून कामट्या काढायचा. हे सगळं करताना शीळ घालायचा. पोरं कुठेही खेळत असली तरी ती शीळ ऐकू यायची. शीळ ऐकू आली म्हणजे बाबा आहे. मग खेळ चालू ठेवायला हरकत नाही.

मग एका थंडीत हैबतीला ताप आला. ताप छातीत उतरला आणि हैबती मेला. देवाघरी गेला, गावाला गेला, तारा झाला, असं भिवाला बरंच काही सांगितलं लोकांनी. पोर रोज वाटेवर जाऊन बसायचं, गावाहून बाबा येईल म्हणून. शेवटी सगुणानेच त्याला सांगितलं, "बाबा मेला, भिवा. तो यायचा नाही." एवढं खरं बोलायला गावात दुसरं कुणी नव्हतं.

दहाव्याला अख्खं गाव नदीवर जमलं. दहाव्याला काय करतात, ते आज पाहिलंत तुम्ही. भाताचा गोळा ठेवतात, त्याला पिंड म्हणतात. कावळ्याने पिंडाला चोच लावली की म्हणतात, कावळा शिवला, गेलेल्याचं मन शांत झालं. नाही शिवला तर समजायचं, त्याचा जीव मागे कशात तरी अडकलाय. मग मागे राहिलेल्यांनी पुढे व्हायचं आणि त्याला शब्द द्यायचा.

कावळा आला आणि दगडावर बसला. पिंडाकडे पाहीना.

ऊन चढत चाललं. पोटं रिकामी होती, कारण कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नसतं. मग भटजींनी सगुणाला पुढे ओढलं.

"पोरी, हात जोड. म्हण, बाबा, मी आईला सांभाळीन."

"बाबा, मी आईला सांभाळीन."

"म्हण, भिवाला सांभाळीन, घर सांभाळीन."

"भिवाला सांभाळीन. घर सांभाळीन."

कावळ्याने पाठ फिरवली.

सगुणाला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं.

मग तिचा चुलता रावजी पुढे झाला. म्हणाला, "दादा, तुझी पोरं उपाशी झोपणार नाहीत. मी आहे."

कावळ्याने मान वळवली.

मग शेजारच्या गोदाक्का पुढे झाल्या. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "हैबतीदादा, चंद्राची काळजी सोडा. रोज येऊन बघीन मी तिच्याकडे."

कावळा दगडावरून उतरला.

मग राजा पुढे झाला. त्यालाही भूक लागली होती. म्हणाला, "हैबती, तुझी पोरं ती माझी पोरं."

आणि कावळा शिवला. सगळ्यांनी हुश्श केलं, अंगावर पाणी घेतलं आणि घाईघाईने जेवायला गेले.

पुढे काय झालं असेल? सांगा बघू. काही नाही झालं. तीच तर गोष्ट आहे.

तेराव्यापर्यंत लोक येत होते. तेराव्याला गोडाचं जेवण झालं आणि चौदाव्या दिवशी अंगणात कुणी नव्हतं. सगुणा पहाटे उठायची, पाणी भरायची, पेज शिजवायची, आईला भरवायची. कूस बदलायला तिची ताकद पुरायची नाही. मग ती भिंतीला पाय लावायची, आईच्या पाठीखाली दोन्ही हात घालायची आणि जोर करायची. आई आपल्या एका हाताने खाटेची दोरी धरून मदत करायची. दोघींची तोंडं लाल व्हायची. मग भिवाला न्हाऊ घालायचं, मग कामट्या काढायच्या. बोटं कापायची. तिला सुपं जमेनात, तिच्या टोपल्या वाकड्या व्हायच्या.

पलीकडच्या अंगणात पोरी सागरगोटे खेळायच्या. आधी हाक मारायच्या, मग मारेनाशा झाल्या.

आणि एक गोष्ट झाली. हैबतीचं नाव कुणी घेईना. भिवाने विचारलं, "बाबाची शीळ कशी होती गं?" तर विहिरीवरच्या बाया म्हणायच्या, "शू, त्याचं नाव काढू नको, आईला त्रास होईल." जसा काही आईला तोपर्यंत त्रास नव्हता.

विहिरीवर सगुणा घागर उचलायला वाकली की बाया हात कमरेवर ठेवून बघत राहायच्या आणि म्हणायच्या, "किती गुणाची पोर. नावासारखीच आहे हो, सगुणा." घागरीला हात मात्र कुणी लावायचं नाही.

आता नीट ऐका. ज्या दिवशी पहिल्यांदा कुणी असं म्हणालं, त्या दिवशी सगुणाचा एक केस पांढरा झाला. दुसऱ्यांदा म्हणालं, दुसरा झाला. लोक 'गुणाची' म्हणायचे आणि निघून जायचे, आणि पोरीचा केस पांढरा व्हायचा.

तिला आरसा बघायला वेळ कुठे होता. आईने पाहिलं. आई एका हाताने तिचे केस विंचरत होती. विंचरता विंचरता हात थांबला.

"सगुणा, हे काय गं?"

"राख असेल चुलीची."

आईने पुसून पाहिलं. राख नव्हती. आईने फणी खाली ठेवली. मग म्हणाली, "बाळ, नदीवर तिघांनी शब्द दिला होता म्हणतात. त्यांच्याकडे जा. माग."

मग सगुणा आधी काकाकडे गेली. रावजीकाका जेवत होता.

"काका, घरात दाणा नाही. भिवाला भूक लागलीय."

"अगं मग सांगायचं नाही का?" काका म्हणाला. "आम्ही आहोत ना. काही लागलं तर सांगत जा."

"सांगतेय ना, काका."

"हो, पण आत्ता कसं, तुझ्या काकूचं डोकं दुखतंय. तिला उठवलं तर घर डोक्यावर घेईल. आणि तुझ्यासारखी पोर असल्यावर दादाच्या घराला काय कमी? गुणाची गं तू."

आणि त्याने भाताचा पुढचा घास घेतला. तिच्यासमोर. सगुणाचे दोन केस पांढरे झाले.

मग ती गोदाक्कांकडे गेली.

"गोदाक्का, आईची कूस बदलायला एकटीला जमत नाही. सकाळ-संध्याकाळ जरा हात लावाल?"

गोदाक्कांच्या डोळ्यांत लगेच पाणी आलं. "नको गं बाई. चंद्राचे हाल मला बघवत नाहीत. माझं काळीज फार हळवं. उंबऱ्यातूनच मला भरून येतं."

सगुणाच्या मनात आलं, म्हणावं, उंबऱ्यात रडून घ्या आणि मग आत या. पण तिने म्हटलं नाही. गुणाच्या पोरी असं बोलत नाहीत.

"तू आहेस म्हणून बरं," गोदाक्का म्हणाल्या. "गुणाची पोर, नशीब काढलं चंद्राने." आणि दार लावून आत जाऊन रडल्या. सगुणाची कपाळावरची बट पांढरी झाली.

मग ती राजाकडे गेली. जाताना भिवाला सांगितलं, आईजवळ बस, मी उन्हं अंगणात यायच्या आत येते, तेव्हा आईची कूस बदलायचीय.

राजाने तिचं सगळं ऐकून घेतलं. अगदी मान हलवून ऐकलं. डोळे पुसले. मग म्हणाला, "अशी मुलगी माझ्या राज्यात आहे आणि कुणाला पत्ता नाही? हिचा सत्कार झाला पाहिजे."

"सत्कार नको, महाराज. माणूस हवंय. कुणीतरी घरी येईल असं."

"बघा, बघा, किती नम्र आहे," राजा दरबाराला म्हणाला.

मग काय. सनई-चौघडा आला. सगुणाला पाटावर बसवलं. एकाने भाषण केलं, मग दुसऱ्याने केलं, मग प्रधान म्हणाले की मला फार बोलायचं नाही, आणि फार बोलले. उन्हं अंगणात आली, सगुणाने मान उंचावून पाहिलं. "महाराज, मी जाऊ का?" कुणी ऐकलं नाही. उन्हं अंगणातून गेली. शेवटी राजाने तिला शाल दिली, नारळ दिला, आणि सगळा दरबार एका सुरात म्हणाला, "गुणाची!" तिच्या डोक्याची एक अख्खी बाजू पांढरीफटक झाली. लोकांना वाटलं, फुलं माळलीत.

ती पळत घरी आली. भिवा आईच्या हाताला धरून रडत बसला होता. आईच्या पाठीला पहिली जखम झाली होती.

सगुणाने जखम धुतली. हळद लावली. शाल घडी करून आईच्या पाठीखाली घातली. तेव्हा आईच म्हणाली, "मागून झालं ना तिघांकडे? आता भांड."

"कुणाशी?"

"ज्याने ते शब्द ऐकून घेतले त्याच्याशी."

"आई, मला भांडता येत नाही."

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "तीच माझी चूक झाली. जा. भिवा आहे माझ्याजवळ, आणि आत्ताच कूस बदललीस. जा, भांडून ये."

मग सगुणा नदीवर गेली. हातात सत्काराचा नारळ होता. कावळा त्याच दगडावर बसला होता. तिने काही विचारलं नाही, सांगितलं नाही, नारळ उचलला आणि कावळ्यावर फेकला. नेम चुकला. नारळ दगडावर फुटला.

"पोरी," कावळा म्हणाला, "इतका चांगला नारळ."

"का शिवलास?" सगुणा म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू येईना. "खोटं बोलत होते ते. भूक लागली म्हणून बोलत होते. तुला कळलं नाही? एवढा म्हातारा कावळा तू, आणि तुला कळलं नाही? तू शिवलास म्हणून ते जेवायला गेले. तू नसतास शिवला तर अजून इथेच उभे असते."

तिने आणखी पुष्कळ सुनावलं. कावळ्याला सुनावलं, काकाला सुनावलं, गोदाक्कांच्या हळव्या काळजाला सुनावलं. बापालाही सुनावलं, असा कसा मेलास म्हणून. कावळ्याने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही म्हणाला नाही की असं बोलू नये.

मग तो म्हणाला, "मला भात कळतो आणि शब्द कळतो. खोटं माणसाच्या पोटात असतं. तिथे माझी चोच पोचत नाही."

सगुणा धापा टाकत होती.

"पण एक सांग," कावळा म्हणाला. "तू बोललीस तेव्हा मी पाठ फिरवली. पाहिलंस ना?"

"पाहिलं. माझा शब्द कमी पडला."

"कमी नाही पडला. तुझ्या बापाला तो नकोच होता. तो तिथेच उभा होता, तुझ्यामागे. मला म्हणाला, माझ्या पोरीकडून शब्द घेऊ नकोस, ती लहान आहे, तिला खेळायचंय. म्हणून पाठ फिरवली. आणि या गावाने काय केलं? जे शब्द मी घेतले ते सोडून दिले, आणि जो घेतला नाही तो तुझ्या डोक्यावर ठेवला."

सगुणा खाली वाळूत बसली.

"हे केस बघ तुझे," कावळा म्हणाला. "आणखी थोड्या वेळा तुला गुणाची म्हणाले की सगळं डोकं पांढरं होईल. मग तू म्हातारीच. मग पोरी खेळायला बोलवायला आल्या तरी तुझे गुडघे दुखतील. लहानपण एकदा गेलं की ते मलाही शोधून आणता येत नाही." त्याने तिच्याकडे मान तिरकी करून पाहिलं. "मात्र आत्ता ओरडत होतीस ना, तेव्हा एक केस काळा झाला. घरी जा. त्यांनी तुला फसवलं ते फसवलंच, पण मलाही फसवलंय. आणि हे मी विसरणार नाही."

मग थोड्या दिवसांनी राजाची म्हातारी आई वारली. आऊसाहेब म्हणायचे तिला. दहाव्याला पुन्हा अख्खं गाव नदीवर. चांदीच्या ताटात पिंड. वर तूप, वर दही. आणि कावळा नाही. एकसुद्धा नाही. आभाळ कोरडं ठणठणीत.

राजाने हात जोडले. "आई, तुझ्या नावाने देऊळ बांधीन."

आभाळ रिकामं.

"आई, तुझ्या नावाने तळं खणीन."

रिकामं.

"आई, वर्षभर गावजेवण घालीन."

नाही म्हणजे नाही. ऊन डोक्यावर आलं. भटजी कपाळ पुसत म्हणाले, "महाराज, शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करू." असं करतात, बरं का. खरा नाही आला तर गवताचा कावळा करून त्याची चोच पिंडाला लावतात. भटजींनी छान गवताचा कावळा केला आणि पिंडाजवळ नेला. तेवढ्यात वरून तो म्हातारा कावळा सूं करत आला, भटजींच्या हातातून गवताचा कावळा हिसकला आणि नदीत सोडून दिला. गवताचा कावळा वाहत चालला आणि भटजी काठाकाठाने त्याच्या मागे.

लोकांनी पाहिलं, खरा कावळा उडाला तो थेट शेवटच्या घराकडे. तिथे सगुणाच्या छपरावर गावातले सगळे कावळे बसले होते. इतके, की छप्पर दिसत नव्हतं. आणि काव म्हणून कुणी करत नव्हतं.

राजाने शिपाई पाठवला. शिपाई दारात येऊन म्हणाला, "ए पोरी, महाराजांनी नदीवर बोलावलंय."

"चुलीवर पेज आहे," सगुणा म्हणाली.

शिपाई गेला. मग प्रधान आले. "बाळ, महाराज खोळंबलेत."

"आईची जखम धुतेय."

प्रधान गेले. मग राजा स्वतः आला, मागे अख्खं गाव, उपाशी. राजा म्हणाला, "सगुणा, चल."

"आईची कूस बदलायची वेळ झालीय," सगुणा म्हणाली. "मागच्या वेळी तुमच्या सत्कारामुळे चुकली. आज चुकणार नाही. घाई असेल तर आत या आणि हात लावा. जोडे बाहेर."

गाव एकमेकांकडे बघू लागलं. गुणाची पोर असं बोलते?

राजाने जोडे काढले. आत आला. सगुणाने सांगितलं तसे चंद्राच्या पाठीखाली हात घातले. आऊसाहेब इतकी वर्षं आजारी होत्या, पण त्यांची कूस दासी बदलायच्या. माणसाचं अंग इतकं जड असतं, हे राजाला ठाऊकच नव्हतं. आणि ही जखम, तिचा तो वास. राजाला घाम फुटला.

"हळू," चंद्रा म्हणाली. "मी माणूस आहे, मोळी नाही."

कूस बदलून झाली. राजा तिथेच खाली बसला. सगुणा त्याच्यासमोर उभी राहिली.

"माझ्या बाबाच्या दहाव्याला तुम्ही नदीवर काय म्हणालात?"

राजाला आठवेना. खरंच आठवेना, बघा.

तेव्हा छपरावरून कावळा बोलला. स्वतःच्या आवाजात नाही. राजाच्या आवाजात. "हैबती, तुझी पोरं ती माझी पोरं."

मग गोदाक्कांच्या आवाजात, पदर नाकाला लावल्यासारखा, "रोज येऊन बघीन मी तिच्याकडे."

मग रावजीच्या आवाजात, "दादा, तुझी पोरं उपाशी झोपणार नाहीत. मी आहे."

अंगणात कुणी मान वर करीना.

"मला गुणाची म्हणू नका," सगुणा म्हणाली. "मला राग येतो. तुम्ही गुणाची म्हणता आणि घरी जाता. गुणाची म्हटलं की तुम्हाला वाटतं, झालं, दिलं काहीतरी. मी रोज दमते. मला रात्री भीती वाटते की सकाळी आई उठलीच नाही तर? ते कुणी विचारत नाही. माझ्या बाबाचं नाव घेत नाही. तो काय चोर होता? तुमची सगळी पोरं त्याच्या पाळण्यात झोपली."

गोदाक्का रडू लागल्या.

"रडा," सगुणा म्हणाली. "पण रडत रडत पेज ढवळा. खाली लागतेय."

आणि गोदाक्का आत गेल्या. खरंच रडत रडत पेज ढवळली. रावजी घरी जाऊन धान्याचं पोतं घेऊन आला, आणि मागोमाग काकूही आली, डोकं बांधून. गावच्या पोरांनी पाणी भरलं. राजाने हळूच वर पाहिलं आणि कावळ्याला विचारलं, "आता?"

"आज केलंत," कावळा म्हणाला. "उद्या कोण?"

राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधानाने गावाकडे पाहिलं. गावाने जमिनीकडे पाहिलं.

तेव्हा खाटेवरून चंद्रा बोलली. "गावची गुरं रानात कोण नेतं?"

"पाळी आहे की," एक जण म्हणाला. "आज या घरची, उद्या त्या घरची. कधी चुकत नाही."

"का चुकत नाही?"

"अहो, मुकी जनावरं. उपाशी राहतील."

एवढं बोलला आणि त्याचं त्यालाच कळलं. त्याने तोंडावर हात ठेवला.

"गुरांना पाळी लावता," सगुणा म्हणाली, "आम्हाला नाही."

त्या अंगणात त्याच वेळी पाळी ठरली. आज वाड्याची, उद्या रावजीची, परवा गोदाक्कांची, मग पुढचं घर, मग त्याच्या पुढचं. पाणी, पेज, कूस. राजाचं घरसुद्धा पाळीत, आणि दासी पाठवायची नाही, स्वतः यायचं. शब्द कुणी दिला नाही. कावळ्याने मागितलाच नाही.

रावजी मात्र जाईना. अंगणात दादाची कोयती पडली होती, तिच्याजवळ बसून राहिला. भिवा त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, "काका, बाबाची शीळ कशी होती?" रावजीने इकडे तिकडे पाहिलं. या वेळी कुणी शू म्हणालं नाही. मग तो म्हणाला, "लहानपणी आम्ही दोघं मिळून शिकलो ती. मीच आधी शिकलो, पण तो सांगायचा नाही कुणाला." आणि त्याने ओठ ओले करून शीळ घातली.

तीच शीळ. जशीच्या तशी.

सगुणा आत जात होती, ती उंबऱ्यातच थांबली. मग खाली बसली आणि रडायला लागली. बाप मेल्यापासून पहिल्यांदा. मोठमोठ्याने, लहान पोरं रडतात तशी, नाक वाहीपर्यंत. आईने आतून तिचं नाव घेतलं. भिवा तिच्या मांडीत शिरला. गप्प बस असं कुणी म्हणालं नाही.

छपरावरून कावळे उठले आणि नदीकडे गेले. आणि मग आऊसाहेबांच्या पिंडाला कावळा शिवला.

केसांचं काय झालं, विचाराल. ते हळूहळू काळे झाले. पहिल्यांदा सागरगोटे खेळायला गेली तेव्हा सगुणा हरली, आणि हरली म्हणून भांडली. पोरी म्हणाल्या, "काय भांडखोर आहे ही." एक केस काळा झाला. एकदा ती सांगितलेलं काम विसरून झाडावर चढून बसली. गोदाक्का म्हणाल्या, "काय आळशी पोर." दुसरा काळा झाला. कपाळावरची बट तेवढी पांढरीच राहिली. ती दिसली की गावातली माणसं आपोआप घागरीला हात लावायची.

चंद्राची जखम भरली. ती एका हाताने टोपल्या विणायला शिकली, भिवा कामट्या धरायचा. राजाच्या हाताला कूस बदलायची सवय झाली. कावळ्याला नारळ मिळत राहिला. सगळे सुखात राहिले, आणि भांडायचं तेव्हा भांडलेही.

संपली गोष्ट. डोळे मिटा.

ज्याच्या दहाव्याला आज गेलो होतो ना आपण, त्याची ती दोन पोरं, पाराजवळच्या घरातली. कावळा आज लवकर शिवला, मोठ्या माणसांनी भराभर शब्द दिले म्हणून. तेव्हा झोपा आता, सकाळी लवकर उठायचंय. त्यांचं पाणी भरायचंय. पहिली पाळी आपली आहे.